खडसावणं आणि ऐकणं

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांमध्ये एक समज पक्का रुजलेला होता. दारुड्या माणसाचा कुठलाच शब्द खरा मानायचा नाही. तो दुसऱ्याशी खोटं बोलतो आणि स्वतःशीही. म्हणून आधी त्याचा नकार मोडून काढायचा, उपचार त्यानंतर. कॅलिफोर्नियात १९५८ साली सुरू झालेल्या सिनॅनॉन नावाच्या वसाहतीत तर गटाने बसून एकमेकांची सालटी काढायच्या बैठका होत, आणि त्यांना ‘गेम’ असं नाव होतं. मिनेसोटातले व्हर्नन जॉन्सन हे एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू. स्वतः दारूतून बाहेर आलेले. त्यांनी या पद्धतीला घरगुती वळण दिलं. बायको, मुलं, मित्र, ऑफिसातला साहेब अशा सगळ्यांनी आधी गुपचूप जमायचं, तालीम करायची, आणि मग माणसाला मधे बसवून त्याच्या पिण्याने कुणाचं काय वाटोळं झालं त्याचा पाढा त्याच्यासमोर वाचायचा. हेतू मायेचाच होता. पण गृहीत तेच होतं: माणूस पुरता शरमला की सुधारतो.

हे गृहीत तपासून पाहणाऱ्या माणसाचं नाव विल्यम आर. मिलर. पेनसिल्व्हेनियात वाढलेला, कॉलेजात जाताना पाद्री होण्याचा विचार केलेला आणि पुढे मानसशास्त्राकडे वळलेला हा विद्यार्थी ओरेगॉन विद्यापीठात शिकत असताना उन्हाळ्याच्या प्रशिक्षणासाठी मिलवॉकीच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात गेला. तिथे दारूच्या रुग्णांचा विभाग होता. मिलरना व्यसनाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांना एकच गोष्ट जमण्यासारखी होती, ती म्हणजे रुग्णांजवळ बसून त्यांचं ऐकणं. इथवर कसे आलात, आता पुढे काय करावंसं वाटतं, असं ते विचारत आणि रुग्ण मनमोकळं बोलत. नंतर त्यांनी व्यसनावरची पुस्तकं वाचायला घेतली, तर तिथे या माणसांचं वर्णन लबाड, हट्टी, नकारात बुडालेले असं केलेलं. आपण भेटलो ती माणसं अशी नव्हती, एवढी एक गोष्ट त्यांच्या मनात अडकून राहिली.

नऊ समुपदेशक आणि एक पुस्तिका

१९७६ साली मिलर अल्बुकर्क इथल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापक झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. १९८० साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: पिणं आटोक्यात आणण्यासाठी वर्तनोपचाराची कोणती तऱ्हा जास्त उपयोगी? नऊ समुपदेशकांना या तंत्रांचं सारखंच प्रशिक्षण दिलं. तुलनेसाठी काही जणांना नुसती स्वतः वाचून करायची पुस्तिका हातात देऊन घरी पाठवलं.

तंत्रांमध्ये फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो समुपदेशकांमध्ये. पर्यवेक्षकांनी प्रत्येक समुपदेशकाला एका गोष्टीसाठी गुण दिले होते: समोरच्याचं म्हणणं तो किती नीट समजून घेतो आणि ते समजलंय हे त्याला किती कळू देतो. सहा महिन्यांनी कोण किती पितो आहे यातल्या तफावतीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग या एकाच गुणाशी जुळत होता. वर्षानंतर निम्मा, दोन वर्षांनंतरही पाव. दुसरी बाब जास्त बोचरी होती. ऐकून घेण्यात कच्च्या असलेल्या समुपदेशकांपेक्षा पुस्तिका बरी ठरली. त्यांच्याकडे जाण्यापेक्षा घरी बसून वाचलं असतं तर रुग्णाचं जास्त भलं झालं असतं.

१९८२ साली मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या येलेस्टाड क्लिनिकमध्ये काही महिने होते. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना व्याख्यानावर सोडलं नाही. ते स्वतः रुग्णाची भूमिका घेत आणि मिलर बोलू लागले की मधेच थांबवत. आत्ता हाच प्रश्न का विचारला? त्याच्या चार वाक्यांतलं नेमकं हेच वाक्य उचलून परत का म्हणालात? सवयीने जे होत होतं त्याचे नियम मिलरना तिथे शब्दांत मांडावे लागले. त्यातून १९८३ साली एक लेख झाला, आणि पुढे वेल्समध्ये काम करणारे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर १९९१ साली पुस्तक झालं. या पद्धतीला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. माणसाच्या मनात बदलाची ओढ आधीपासून असते, तिला त्याच्याच तोंडून बाहेर काढायचं, असं तिचं सूत्र आहे.

समजा, एक गृहस्थ समुपदेशकासमोर बसून म्हणतात, “बायकोने आणलं म्हणून आलो. मी काही बेवडा नाही. रोज कामावर जातो.” जुन्या रीतीचा समुपदेशक म्हणेल, “सगळे असंच म्हणतात. गेल्या महिन्यात तुमचे किती खाडे झाले ते सांगू का?” यावर गृहस्थ खाड्यांची कारणं सांगतील, म्हणजे स्वतःच्या पिण्याची वकिली करतील. मिलरांच्या रीतीने समुपदेशक म्हणेल, “तुमच्या मनाविरुद्ध इथे यावं लागलंय. आणि कामाला तुमच्या लेखी फार किंमत आहे.” यावर बरेचदा उत्तर येतं, “आहे ना. म्हणून तर सोमवारचं जरा टेन्शन येतं.” बदलाचं पहिलं वाक्य रुग्णाने स्वतः उच्चारलं. समुपदेशकाने आता फक्त त्या सोमवारबद्दल विचारायचं.

मेंदूत दोन वाटा

शरम देऊन व्यसन का सुटत नाही, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत बऱ्याच अंशी सापडतं. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूतल्या ठरावीक भागात विजेची तार बसवली. कळ दाबली की तिथे सौम्य झटका बसे. उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. या भागाला पुढे सुखाचं केंद्र म्हटलं गेलं आणि तिथे काम करणारं डोपामाइन हे सुखाचं रसायन म्हणून प्रसिद्ध झालं.

ही कल्पना अपुरी निघाली. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की फळाच्या रसाचे थेंब अचानक मिळाले तर डोपामाइनच्या पेशी उसळतात. पण रस येण्याआधी दर वेळी दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी त्या दिव्यालाच उसळतात आणि रसाला शांत राहतात. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे त्या चव मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली पुढची पायरी मांडली. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या वाटा आहेत. डोपामाइन जवळजवळ नाहीसं केलेल्या उंदराच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर तो चव घेतल्यासारखे ओठ चाटतो, पण समोरचं अन्न खायला उठत नाही. व्यसनात उलटं होतं. आवडणं विझत जातं आणि हवंसं वाटणं वाढत जातं. ग्लासातली मजा कधीच संपलेली असते, पण गुत्त्याचा बोर्ड, पगाराचा दिवस, ठरावीक मित्र यांपैकी काहीही दिसलं की तलफ उसळते.

हवंय आणि नकोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याची ही अवस्था ख्रिस्ती परंपरेला नवी नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने स्वतःच्या मनातल्या या फाटाफुटीचं वर्णन केलं आहे आणि तिच्यासमोर आपली इच्छाशक्ती कशी तोकडी पडते तेही कबूल केलं आहे. मिलरांचा समुपदेशकांना इशारा याच अवस्थेबद्दल आहे. ज्याच्या मनात दोन पक्ष आहेत त्याच्यासमोर तुम्ही एक पक्ष जोराने मांडलात, तर तो दुसरा मांडणार. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. २००३ साली भाषेचे अभ्यासक पॉल अम्राइन यांनी मिलर आणि इतरांबरोबर समुपदेशनाच्या बैठकींमधलं रुग्णांचं बोलणं तपासलं. बैठक पुढे सरकेल तसं ज्यांचं ‘मी करीन’ हे बोलणं ठाम होत गेलं, ते अमली पदार्थांपासून जास्त दूर राहिले.

२०११ साली सेरा फेल्डस्टीन यूइंग आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण करून याचा पहिला अंदाज घेतला. पिणाऱ्या व्यक्तींना त्यांनीच समुपदेशनात उच्चारलेली वाक्यं दाखवली आणि त्यानंतर दारूची आठवण करून देणारे संकेत दिले. पिण्याच्या बाजूने बोललेली वाक्यं आधी दाखवली तेव्हा मेंदूचे बक्षिसाशी संबंधित भाग पेटले. बदलाच्या बाजूची वाक्यं दाखवली तेव्हा तसं ठळकपणे झालं नाही. अभ्यास अगदी लहान होता आणि त्यावर इमारत उभारता येणार नाही. पण त्याची दिशा मिलरांनी तीस वर्षं बैठकीत बसून टिपलेल्या गोष्टीकडेच जाते.

मात्र सगळं काही मेंदूच्या आत ठरत नाही. अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेचे संचालक ॲलन लेश्नर यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं ठासून मांडलं. नैतिक दोषारोप कमी व्हायला त्याने मदत झाली. पण त्याआधीच ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा पाठपुरावा केला होता. तिथे असताना हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच अवस्थेत गेलेले सुमारे ५ टक्केच निघाले. मेंदू तोच होता, आजूबाजूचं जग बदललं होतं. २०१८ साली मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या: एक हेरॉइनची किंवा मेथॲम्फेटामाइनची, दुसरी दार उघडून सोबत्याला भेटण्याची. बहुतेक उंदरांनी सोबती निवडला. सोबत ही मेंदूला लागणारी गोष्ट आहे, हे इथे थेट दिसतं.

श्रद्धा आली कुठून

ऐकून घेणं हा मिलरांचा शोध नव्हे, आणि तसा दावा त्यांनी केलेलाही नाही. ते मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतले. रॉजर्स यांची शिकवण अशी की समोरच्याला अटी न घालता स्वीकारा, तो आपोआप वाढायला लागतो. हे रॉजर्स मानसशास्त्राकडे येण्याआधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्र शिकत होते. सन २००० मध्ये मिलर यांनी एका लेखात उघडपणे प्रश्न केला: एखाद-दोन बैठकींनी वर्षानुवर्षांचं पिणं कमी होतं, ते कशाने? अनेक शक्यता तपासून त्यांनी एक शक्यता अशीही मांडली की इथे कामाला येतं ते ‘अगापे’, म्हणजे नव्या करारात येणारं, परतफेडीची अपेक्षा नसलेलं प्रेम. शास्त्रीय नियतकालिकात असा शब्द वापरायला धारिष्ट्य लागतं. पण त्यांनी तो प्रवचनासारखा वापरला नाही. त्या प्रेमाचं बाहेर दिसणारं रूप म्हणजे ऐकण्याची प्रत, आणि ती मोजता येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोजल्यावर आकडे काय आले ते पाहू. १९९३ साली त्यांनी पिणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटलं. एकाशी समुपदेशक खडसावून बोलले, दुसऱ्याशी समजून घेत. समुपदेशक जितका जास्त अंगावर गेला, तितकं वर्षभरानंतर त्याच्या रुग्णाचं पिणं जास्त आढळलं. १९९९ साली त्यांनी रॉबर्ट मेयर्स यांच्याबरोबर १३० कुटुंबीयांचा अभ्यास केला. प्रश्न होता, उपचाराला ठाम नकार देणाऱ्या आपल्या माणसाला घरच्यांनी कसं आणावं? धर्मगुरू जॉन्सन यांच्या पद्धतीने ३० टक्के घरांना यश आलं, आणि बऱ्याच घरांनी तो सामना आयत्या वेळी टाळलाच. व्यसनी माणसापासून मनाने अलिप्त व्हायला शिकवणाऱ्या ॲल-ॲनॉनच्या मार्गाने १३ टक्के. मेयर्स यांच्या पद्धतीत घरच्यांना शिकवतात की न प्यायलेल्या दिवशी त्याच्याबरोबर आवर्जून वेळ घालवा, प्यायलेल्या दिवशी भांडण न करता बाजूला व्हा, त्याने केलेले घोटाळे निस्तरत बसू नका, स्वतःच्या सुरक्षिततेची आणि स्वास्थ्याची काळजी घ्या, आणि तो स्वतः अस्वस्थ असेल ती वेळ गाठून उपचाराचा विषय काढा. या पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचारापर्यंत आली.

बारा पायऱ्यांची परीक्षा

व्यसन आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची गाठ घालणारा पहिला मानसशास्त्राचा प्राध्यापक मिलर नव्हे. हार्वर्डचे विल्यम जेम्स यांनी १८९० साली सवय आणि मेंदू यांच्यावर लिहिलं, आणि १९०१-०२ मध्ये एडिंबरात धर्मानुभवावर व्याख्यानं देताना दारूतून एका रात्रीत बाहेर पडलेल्यांच्या हकिकती गंभीरपणे तपासल्या. त्यांचा धाकटा भाऊ रॉबर्टसन दारूने पोखरलेला होता. १९३४च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात बिल विल्सन नावाच्या दलालाला खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव आला. आपल्याला वेड लागलं की काय, या शंकेत असताना जेम्सच्या त्या व्याख्यानांचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. पुढच्याच वर्षी ओहायोतल्या ॲक्रनमध्ये डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याबरोबर त्यांनी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केलं. दारू सोडण्यासाठीच्या त्यांच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापल्या गेल्या. त्यांची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, पण देव कोणता ते ज्याचं त्याने ठरवायचं, अशी वाट मोकळी ठेवलेली आहे.

मिलर यांनी जेम्सचा धागा उचलून जेनेट सीडेबाका यांच्यासह अशा अचानक पालटलेल्या ५५ व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. त्याचं पुस्तक २००१ साली आलं. त्याआधी ‘प्रोजेक्ट मॅच’ या प्रचंड चाचणीत त्यांचा वाटा होता. १,७२६ रुग्ण, तीन उपचार: वर्तनोपचार, बारा पायऱ्यांकडे नेणारा उपचार आणि मिलरांचा चार बैठकींचा उपचार. १९९७ साली निकाल आला तेव्हा तिन्ही जवळपास सारखे ठरले. दारू पूर्ण वर्ज्य करण्यात बारा पायऱ्यांचा गट थोडा सरस होता. रागीट रुग्णांना मिलरांचा उपचार जास्त मानवला. ज्यांचं सगळं मित्रमंडळ पिणारं, त्यांना तीन वर्षांनंतर बारा पायऱ्यांचा फायदा जास्त दिसला, कारण तिथे त्यांना नवं मित्रमंडळ मिळालं. २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्याने २७ अभ्यास एकत्र केले आणि सलग दारू न पिण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांच्या मार्गाला वरचं स्थान दिलं. हा मार्ग चालतो कसा, यावर हार्वर्डचे जॉन केली यांनी ‘मॅच’चीच आकडेवारी पुन्हा पिंजली. बहुतेकांच्या बाबतीत सोबतीचं वर्तुळ बदलणं हे मोठं कारण निघालं. आध्यात्मिकतेत झालेल्या वाढीचा हात मुख्यतः जास्त गंभीर रुग्णांमध्ये दिसला.

आता राहिला सगळ्यात अवघड प्रश्न. श्रद्धा औषधासारखी पाजता येते का? मिलरना वाटत होतं की येत असावी. नुकत्याच उपचाराला दाखल झालेल्या रुग्णांना त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या बैठका दिल्या: प्रार्थना, ध्यान, कृतज्ञता, सेवा, ज्याला जे मानवेल ते. एक सोडून दोन चाचण्या केल्या आणि २००८ साली निष्कर्ष छापले. पिण्यावर परिणाम शून्य. रुग्णांच्या आध्यात्मिक साधनेतही वाढ झाली नाही. उलट उदासी आणि चिंता कमी होण्याचा वेग त्यांच्यात सुरुवातीला मंद दिसला. शरीर डिटॉक्सच्या त्रासातून जात असताना, घर आणि नोकरीची चिंता डोक्यावर असताना, आयुष्याच्या अर्थाची चर्चा माणसाला पेलत नसावी. आयुष्यभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला तिच्या विरोधातला निकाल स्वतः काढून स्वतः जाहीर करणं, हे मिलरांच्या कामाचं सगळ्यात मोलाचं पान आहे.

मुंबईची जोड

मुंबईत व्यसनमुक्ती आणि श्रद्धा यांची गाठ दुसऱ्या बाजूने घातली गेली. १९८१ साली बांद्र्यात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते कॅथलिक धर्मगुरू, स्वतः दारूच्या विळख्यातून सुटलेले, आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांच्या केंद्रांत बारा पायऱ्यांना आसनं आणि प्राणायाम यांची जोड आहे. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण कुठल्याही धर्मसंस्थेचं नाही. तिथेही रुग्णाला माणूस म्हणून जवळ करणं हाच उपचाराचा पाया आहे.

या सगळ्यातून श्रद्धेच्या वाट्याला आलेलं काम बरंच नेमकं होतं. रुग्णाच्या गळी ती उतरवली तर तिचा उपयोग दिसत नाही. रुग्ण स्वतः तिच्याकडे वळला आणि त्या वाटेवर त्याला न पिणारी माणसं भेटली, तर उपयोग दिसतो. आणि उपचार करणाऱ्याच्या अंगी ती मुरली असेल, दहाव्यांदा घसरून आलेल्या माणसालाही खुर्ची पुढे करण्याइतकी, तर तो समुपदेशक जास्त चांगला ऐकतो. ऐकणं मात्र श्रद्धाळूंची मक्तेदारी नाही. देव न मानणारा समुपदेशकही ते शिकू शकतो, आणि शिकला तर त्याचे रुग्णही कमी पितात. १९८०च्या त्या अभ्यासात पर्यवेक्षकांनी गुण दिले ते कोण कशावर विश्वास ठेवतो याला नव्हते. समोरच्याचं बोलणं तो पुरतं ऐकून घेतो का, याला होते.